कर की दान? लोककल्याणाच्या पैशाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपूरच्या धंतोलीत कर सल्लागार म्हणून बसतो. मार्चमध्ये गुंतवणुकीचे पुरावे आणि जुलैत विवरणपत्रं घेऊन येणारी माणसं कागदांच्या थप्पीसोबत एक तक्रारही आणतात: एवढा कर जातो, त्यापेक्षा तेच पैसे मी स्वतः एखाद्या गरजूच्या हातात ठेवले असते. चहा येईपर्यंत त्या तक्रारीचे दहा प्रश्न झालेले असतात. ते प्रश्न इथे शक्यतो विचारले गेले त्याच शब्दांत दिले आहेत. उत्तरं माझी आहेत आणि ती तटस्थ नाहीत.

कर म्हणजे सक्तीचं दानच ना?

नाही. दान देणारा कुणाला, किती, कधी आणि पुढल्या वर्षी द्यायचं की नाही, हे सगळं स्वतः ठरवतो. कराच्या बाबतीत हे संसद आणि विधिमंडळ ठरवतं. घटनेच्या कलम २६५ नुसार कायद्याचा आधार असल्याशिवाय कुठलाही कर बसवता किंवा वसूल करता येत नाही. म्हणजे सक्ती आहेच, पण ती कायद्याची सक्ती आहे आणि तो कायदा करणाऱ्यांना आपण मतदानाने पाडू शकतो. दानशूर माणसाला कुणी पाडू शकत नाही.

आणखी एक फरक आहे. कर भरला म्हणून कुणी तुमचा सत्कार करत नाही, नावाची पाटी लावत नाही. मला विचाराल तर ती कराची जमेची बाजू आहे.

माझ्या कष्टाच्या पैशावर सरकारने उदार का व्हावं?

आयजीच्या जिवावर बायजी उदार, हा आक्षेप जुना आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ साली तो सर्वांत टोकदार शब्दांत मांडला. श्रमाच्या कमाईवर कर लावणं हे माणसाकडून तितके तास वेठबिगारी करून घेण्यासारखंच आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. मी टॅक्स कापून हातात येणारा पगार रोज पाहतो. त्यामुळे हा युक्तिवाद ऐकताना मान डोलावणारे चेहरेही मला माहीत आहेत.

पण मुक्त बाजाराचे कट्टर पुरस्कर्ते मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ साली याच मुद्द्यावर एक अडचण दाखवून दिली होती. ती अशी: गरिबी कमी व्हावी असं मला वाटतं. पण ती माझ्या पैशाने कमी झाली काय आणि तुमच्या पैशाने झाली काय, मला समाधान तेवढंच मिळतं. मग मी कशाला खिसा रिकामा करू? बाकीचे देणार असतील तर मीही देईन, असं प्रत्येकजण म्हणतो आणि कुणीच पुरेसं देत नाही. फ्लॅट स्कीममध्ये लिफ्टच्या देखभालीचा खर्च 'ज्याला वाटेल त्याने द्यावा' असा ठेवून पाहा. चौथ्या मजल्यावरचे दोघं-तिघं देतील, दुसऱ्या मजल्यावरचा म्हणेल मी जिन्यानेच जातो, आणि सहा महिन्यांनी सगळेच जिन्याने जातील. सर्वांनी मिळून सर्वांवर सक्ती लादून घ्यायची, हा त्यावरचा तोडगा आहे. फ्रीडमन सरकारी खात्यांच्या पसाऱ्याला विरोध करत राहिले. तरी गरिबाला किमान उत्पन्न कराच्या पैशातून मिळावं, हे त्यांनी मान्य केलं होतं.

दामाजीपंतांनी केलं ते दान की शासन?

हा प्रश्न एका निवृत्त शिक्षकांनी टाकला आणि मला तो फार आवडला. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. दुष्काळात मंगळवेढ्याचं सरकारी कोठार दामाजीपंतांनी भुकेल्यांसाठी उघडलं, बेदरच्या बादशहाने त्यांना पकडून आणायला माणसं धाडली, आणि विठू महाराच्या रूपात विठ्ठलाने दरबारात जाऊन धान्याची किंमत भरली. धान्य दामाजीपंतांच्या घरचं नव्हतं, सारा म्हणून शेतकऱ्यांकडूनच आलेलं होतं. आजच्या चौकटीत बसवायचं तर कराचा पैसा बरोबर ठिकाणी खर्च झाला, फक्त मंजुरी नव्हती. कथाकाराने हिशेब मात्र सोडला नाही. देव धावून आला तोही पावती घेऊन.

लोक आपणहून भरभरून देतातच की. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपुरात कुणी उपाशी राहतं का?

राहत नाही, आणि हे दृश्य ज्याने पाहिलं नाही त्याने एकदा यावं. दीक्षाभूमीकडे येणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर, लक्ष्मीनगरपासून रहाटे कॉलनीपर्यंत, मांडव लागलेले असतात. मसालेभाताचे गंजच्या गंज उतरत असतात. बँकेतल्या कर्मचाऱ्यांची संघटना एकीकडे, एखाद्या वस्तीतलं महिला मंडळ दुसरीकडे. "या ताई, जेवून जा, लेकराला बुंदी घ्या" अशी हाक असते. कुणी नाव विचारत नाही, शिधापत्रिका मागत नाही, अंगठा लावायला सांगत नाही. रांगेत मराठवाड्यातून रात्रभर रेल्वेच्या दारात बसून आलेला माणूस असतो, आणि त्याला वाढणारा पोरगा इंजिनिअरिंगला असतो. असं अन्नदान कुठल्याही खात्याला जमणार नाही.

आता त्याच रस्त्यावर जरा बाजूला पाहा. पाण्याचे टँकर, फिरती शौचालयं, रात्रभर पत्रावळी उचलणारे सफाई कामगार, आरोग्य पथक, जादा रेल्वेगाड्या, बंदोबस्त. हे सगळं महापालिकेच्या आणि सरकारच्या पैशातून चाललेलं असतं. मसालेभाताला दाता मिळतो. मैला वाहून नेणाऱ्या गाडीला दाता मिळाल्याचं मी अजून ऐकलेलं नाही, आणि त्यात दात्यांचा दोषही नाही. दान माणसाच्या मनातून येतं, आणि मन जिथे चेहरा दिसतो तिकडे ओढ घेतं. लहान मुलाच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेला दोन दिवसांत पैसे जमतात. डेंग्यूच्या फवारणीला, नाली उपसायला, क्षयरोग्याने गोळ्या मध्येच सोडू नयेत म्हणून घरोघरी फिरणाऱ्या बाईच्या मानधनाला वर्गणी कोण देणार? आणि मोजायला बसलात तर जीव या दुसऱ्या यादीनेच जास्त वाचतात.

पण संकटात सरकारच्या आधी संस्थाच पोचतात ना?

पोचतात, वादच नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घरात शिरलं, तेव्हा खिचडी आणि कोरडे कपडे शेजारपाजारच्या मंडळांनी आणले. २०२० च्या टाळेबंदीत जबलपूर-हैदराबाद महामार्गावरून उन्हात चालत निघालेल्या मजुरांना चपला आणि ताक देणारेही सामान्य नागपूरकरच होते. फाइल हलण्याआधी माणूस हलतो.

नंतरचं मात्र वेगळं. पुरानंतर आठवड्याभरात खिचडी थांबते, थांबणारच. मग पंचनामे, घरामागे जाहीर झालेली १० हजारांची मदत, तलावाच्या सांडव्याचं काम, नदीकाठच्या भिंती. हे काम रटाळ, महागडं आणि वर्षानुवर्षांचं आहे. दान पहिल्या आठवड्याचं आणि कर पुढच्या दहा वर्षांचा, अशी मी ढोबळ वाटणी करतो.

देशातल्या श्रीमंतांनी मनावर घेतलं तर कर लागणारच नाही, असं नाही का?

आकडा मांडून पाहू. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली देशात सुमारे ८० कोटी लोकांना धान्य मिळतं, प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला ५ किलो. सगळ्यांना ५ किलोच धरले तरी महिन्याला ४० लाख टन होतात. अनुदानाचा बोजा वर्षाला २ लाख कोटी रुपयांच्या आसपास जातो. आणि हे फक्त धान्य झालं. शाळा, दवाखाने, पेन्शन अजून मोजलेलंच नाही.

मनावर घेण्याचा सर्वांत मोठा प्रयोग तर आपल्या शेजारी, वर्ध्याजवळच्या पवनारच्या माणसाने केला. विनोबा १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत होते. तिथल्या दलितांनी जमीन मागितली, आणि सभेतच एका जमीनदाराने १०० एकर देऊ केली. तिथून भूदान सुरू झालं. विनोबा पायी देश फिरले. त्यांच्याइतका नैतिक अधिकार असलेला माणूस आज शोधून सापडणार नाही. उद्दिष्ट ५ कोटी एकरांचं होतं. मिळाली ४० लाखांहून थोडी अधिक. त्यातली बरीचशी खडकाळ, पडीक किंवा कज्जेदलालीत अडकलेली निघाली, आणि मिळालेलीही सगळी वाटून झाली नाही. विनोबांबद्दलचा आदर कमी करण्यासाठी मी हे सांगत नाही. विनोबांना जे जमलं नाही ते एखाद्या उद्योगपतीच्या फाउंडेशनला जमेल असं मानायला कारण हवं, एवढंच.

खासगी माणसांनी नागपुरात उभं केलं ते काय कमी आहे?

कमी कसं असेल? कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० साली मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला सुमारे ३५ लाख रुपये दिले. त्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, आपली एलआयटी, उभी राहिली. त्या काळी रसायन तंत्रज्ञान शिकवा असा आग्रह धरणारा दाता मिळणं ही दूरदृष्टी होती; तेव्हाच्या सरकारला ते सुचलं नव्हतं. १९२१ साली कमलाताई होस्पेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातृसेवा संघ काढला, तेव्हा सुरक्षित बाळंतपण ही सरकारी जबाबदारी आहे असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

दानाचं खरं बळ मला इथे दिसतं: जे अजून कुणाला पटलेलं नाही ते करून दाखवणं. करातून खर्च करायला बहुमत लागतं, दानाला एक हट्टी माणूस पुरतो.

पण इमारत उभी करणं आणि ती चालवणं हे दोन वेगळे खर्च आहेत. गांधीबागेतल्या डागा रुग्णालयावर नाव डागांचं आहे, तरी आज ते शासकीय स्त्री रुग्णालय आहे. रात्री अडीच वाजता तिथे बाळंतपण करणाऱ्या सिस्टरचा पगार तिजोरीतून येतो. तो दर महिन्याला यावाच लागतो.

एम्प्रेस मिलमध्ये तर कायद्याच्या आधीच पेन्शन होती म्हणतात?

होती. जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. १८८६ मध्ये तिथे पेन्शन फंड आला आणि १८९५ पासून अपघातात जखमी झालेल्या कामगाराला भरपाई मिळू लागली. कायद्याने ही भरपाई देशात १९२३ साली सक्तीची झाली, आणि भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा. म्हणजे मालकाची सदिच्छा कायद्याच्या कित्येक वर्षं पुढे होती.

शेजारच्या गिरणीतल्या कामगाराचं काय, असा प्रश्न तरीही उरतो. त्याचा हात पट्ट्यात गेला तर त्याचा मालक टाटा नव्हता, एवढाच त्याचा गुन्हा. चांगल्या मालकाने घालून दिलेला पायंडा वाईट मालकालाही लागू व्हावा म्हणून तर कायदा लागतो.

गरजूला मदत मिळाल्याशी मतलब. पैसा दानातून आला की करातून, त्याला काय फरक पडतो?

त्यालाच तर सर्वांत जास्त पडतो. हे समजून घ्यायला डिसेंबरातलं नागपूर पाहावं. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे भरतं. त्या दिवसांत यशवंत स्टेडियमवर धरणं, टेकडी रोडवर आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला कठडे, आणि कठड्यांपर्यंत येऊन थडकणारे मोर्चे. आशा सेविका येतात, अंगणवाडी सेविका येतात, दिव्यांग येतात, निराधार अनुदान अडकलेल्या म्हाताऱ्या येतात. त्यांच्या हातातल्या फलकावर विनंती नसते, मागणी असते. "आमचं थकलेलं द्या" असं त्या म्हणतात.

आता कल्पना करा की हेच पैसे एखाद्या दानशूर कुटुंबाकडून येत होते आणि या वर्षी बंद झाले. मोर्चा कुणावर काढणार? त्यांच्या बंगल्यासमोर घोषणा दिल्या तर लोक तुम्हालाच कृतघ्न म्हणतील, आणि त्यांचं फारसं चुकणारही नाही. दान घेणाऱ्याला आभार मानता येतात, भांडता येत नाही. त्याच्या बाजूने कायदा नसतो, मुदत नसते, अपील नसतं. घटनेचं कलम ४१ बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि अपंगत्व यांत सार्वजनिक साहाय्याची जबाबदारी राज्यावर टाकतं. ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यावर थेट कोर्टात जाता येत नाही. पण त्याच दिशेने कायदे आणि निकाल होत गेले. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ ला सरकारी शाळांत शिजवलेलं जेवण द्या असा आदेश दिला, तेव्हापासून शाळेतली खिचडी कुणाच्या मेहेरबानीवर राहिली नाही. ती पातळ असेल तर आई शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना जाब विचारू शकते.

म्हणून माझा हिशेब साधा आहे. ज्याच्यावाचून माणूस जगू शकत नाही ते भांडून मागता येईल अशा पैशातून यावं. बाकी दानासाठी अख्खं आभाळ मोकळं आहे.

मी आयकर भरत नाही. मग मी करदाता नाही ना?

तुम्ही २९९ रुपयांचा रिचार्ज मारला असेल तर त्यातले साधारण साडेपंचेचाळीस रुपये जीएसटीचे होते. 'आम्ही करदाते आणि ते फुकटे' ही विभागणी तिथेच संपते.

पगारातून प्रोफेशन टॅक्सचे २०० रुपये कापतात, ते जातात कुठे?

माझा आवडता प्रश्न. सॅलरी स्लिपवरचा हा सर्वांत दुर्लक्षित आकडा आहे: दरमहा २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. हीच राज्यघटनेच्या कलम २७६ ची कमाल मर्यादा आहे. १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती २५० वरून २,५०० वर नेली आणि तेव्हापासून ती तिथेच आहे. त्यामुळे ११ हजार पगाराचा चौकीदार आणि ११ लाख पगाराचा साहेब सारखाच प्रोफेशन टॅक्स भरतात. महिलांना मात्र महिना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर तो माफ आहे.

या कराची जन्मकथा आज कुणी सांगत नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो लोक खडी फोडायला कामावर होते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना होती की अंगमेहनतीचं काम मागणाऱ्या प्रत्येकाला ते मिळण्याची हमी सरकारने द्यावी. पैसा कुठून आणायचा? १९७५ साली व्यवसाय कर कायदा आला. शहरातल्या नोकरदाराने, दुकानदाराने, डॉक्टरने हा कर भरायचा, सरकारने त्यात तेवढीच भर घालायची आणि खेड्यातल्या मजुराला काम द्यायचं. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. १५ दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता. २००५ साली केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्याचा कित्ता इथलाच.

शहराने गावासाठी भरलेला, कशासाठी आहे ते कायद्याने ठरलेला कर. आकाराने छोटा, पण याहून सरळ करार मी पाहिलेला नाही. त्यानंतर काय झालं ते अर्थात तुम्हाला ठाऊक आहे. कामं कागदावर झाली, हजेरीपटावर मेलेली माणसं आली, आणि 'रोहयो' म्हटलं की लोक डोळे मिचकावू लागले.

आयकरावरचा ४ टक्के सेस आरोग्य आणि शिक्षणावरच खर्च होतो का?

नावाने त्याच कामासाठी आहे. पण सेस राज्यांना वाटल्या जाणाऱ्या करांत धरला जात नाही, तो केंद्राकडेच राहतो. शाळा आणि दवाखाने बहुतांशी राज्यं चालवतात, ही त्यातली गंमत.

सीएसआर म्हणजे दान की कर?

सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी, हे दोन्हीचा मुखवटा घातलेलं तिसरंच काहीतरी. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींचं नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. रक्कम सक्तीची, काम मर्जीचं. मग पैसा कारखान्याच्या आसपास फिरतो. जिथे कारखाना आहे तिथे स्मार्ट क्लासरूम होतात. जिथे तो नाही, आणि म्हणूनच जिथे गरज जास्त आहे, तिथपर्यंत गाडी क्वचित जाते.

लाडकी बहीण म्हणजे करदात्यांच्या पैशाची उधळण नाही का?

यावर माझ्या टेबलाशी सर्वांत जास्त आवाज चढतात. अडीच लाखांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्नाच्या घरातल्या २१ ते ६५ वयाच्या बाईच्या खात्यात महिना १,५०० रुपये जाण्याला माझा विरोध नाही. ती पैसे कशावर उडवेल याची चिंता करणारे लोक स्वतःच्या दिवाळी बोनसचा हिशेब कुणाला देत नाहीत.

माझे आक्षेप दोन. वर्षाला ४६ हजार कोटींचा अंदाज धरून २०२४ च्या निवडणुकीच्या तोंडावर सुरू झालेल्या या योजनेमागे रोहयोसारखा स्वतःचा कर नाही. त्यामुळे दरवर्षी तरतुदीची ओढाताण होते आणि दुसऱ्या एखाद्या खात्याचा खिसा कापला जातो. दुसरा आक्षेप भाषेचा. भाऊ ओवाळणी घालतोय असं सांगून ती रक्कम दिली गेली. तिजोरीतला पैसा, ज्यात त्या बाईने साबण-तेलावर भरलेला करही आहे, तो नेत्याच्या खिशातल्या दानासारखा दाखवला गेला. कराचं बळ हक्कात आहे, तेच इथे काढून घेतलं.

सरकारी पैसा झिरपत-झिरपत जातो. थेट संस्थेला दिलेला बरा नाही का?

झिरपतो. शिवभोजन थाळीच घ्या. २६ जानेवारी २०२० पासून १० रुपयांत जेवण, शहरात थाळीमागे ४० रुपये सरकारचे. कल्पना उत्तम. पुढे केंद्रचालकांची बिलं महिनोन्महिने थकल्याच्या बातम्या आल्या. घोषणा झाली की सरकारचा रस संपतो, हा रोग खराच.

पण संस्थेबद्दल तुम्हाला कळतं ते तिच्या माहितीपत्रकातून. सरकारी खात्याला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात प्रश्न विचारता येतो. सरकारी अनुदानावर न चालणारा खासगी ट्रस्ट त्या कायद्याखाली सहसा येत नाही. महालेखापरीक्षकांचे अहवाल विधिमंडळात मांडले जातात आणि त्यावर गदारोळ होतो. सरकारातली चोरी आपल्याला जास्त दिसते, याचं एक कारण तिथे बघायला खिडक्या जास्त आहेत हेही आहे.

जकात, दसवंध, विसावा हिस्सा यांना काय म्हणायचं?

धर्माने घालून दिलेली शिस्त. मुस्लिमांच्या जकातमध्ये बचतीच्या अडीच टक्के, शिखांच्या दसवंधात कमाईचा दहावा भाग. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरच्याच भाषणात बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी मिळकतीचा विसावा हिस्सा देण्याचा निश्चय करा असं सांगितलं होतं. राज्याची जबाबदारी घटनेत घालणारा माणूस स्वतःच्या समाजाला स्वेच्छेने द्यायलाही सांगत होता. त्यांना या दोन्हींत भांडण दिसलं नव्हतं. कराच्या पैशातून एखाद्या विशिष्ट धर्माचा प्रसार करायला कलम २७ मज्जाव करतं. ते काम श्रद्धावानांच्या दानावरच चालायला हवं.

गणपतीची वर्गणी ऐच्छिक असते ना?

कायद्याने हो. नोंदणी नसलेल्या मंडळाला त्यासाठी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगीही घ्यावी लागते. चौकातले पोट्टे पावतीबुकावर आकडा आधीच लिहून आणतात, हे वेगळं.

धर्मादाय रुग्णालयात गरिबाला खरंच सवलत मिळते का? की नुसतं नाव?

मिळते, मागितली तर. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली उच्च न्यायालयाने २००६ साली योजना ठरवून दिली. धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या, आणि बिलांच्या रकमेतले २ टक्के गरीब रुग्ण निधीत टाकायचे. उत्पन्नाची मर्यादा निर्धनासाठी वार्षिक १ लाख ८० हजार, दुर्बलासाठी ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका जवळ ठेवा. निर्धन रुग्णाकडे अनामत रक्कम मागता येत नाही, आणि तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून घ्यावंच लागतं. काउंटरवर 'कोटा संपला' म्हणाले तर रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटा आणि उत्तर लेखी मागा. तक्रार सह धर्मादाय आयुक्तांकडे करायची.

ही मेहेरबानी नाही. धर्मादाय म्हणून करात सवलती घेतल्या, त्याची ती परतफेड आहे.

८०जी मुळे माझं दान फुकटात पडतं का?

नाही, थोडं स्वस्त पडतं. ८०जी म्हणजे देणगीवर आयकरात वजावट देणारं कलम. जुन्या करप्रणालीत ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने ५० टक्के वजावटीच्या ट्रस्टला १० हजार दिले, तर वजावट ५ हजारांची आणि सेससकट कर वाचतो १,५६०. म्हणजे तुमच्या खिशातून ८,४४० गेले आणि उरलेले तिजोरीतून. तुमच्या आवडीच्या संस्थेला बाकीच्या करदात्यांनीही थोडं दिलं, त्यांना न विचारता. कराला सक्ती म्हणून नावं ठेवणाऱ्यांना मी हे उदाहरण मुद्दाम सांगतो. नवी करप्रणाली घेतली असेल तर ही वजावट मिळत नाही.

आणि पावती घेताना काय पाहायचं?

२ हजारांपेक्षा जास्त रक्कम रोख दिली तर वजावट नाही. चेक, यूपीआय किंवा बँकेतून द्या. जुने कपडे, धान्य, औषधं दिली तर पुण्य मिळेल, वजावट मिळणार नाही. साधी छापील पावती आता पुरत नाही. संस्थेने आयकर खात्याकडे देणग्यांचं विवरण भरून तुम्हाला फॉर्म १०बीई हे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यावर तुमचा पॅन बरोबर आहे का पाहा. बऱ्याच देणग्यांना एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांची मर्यादाही आहे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होत असल्याने कलमांचे आकडे बदलतात. लोकांच्या तोंडी मात्र अजून बरीच वर्षं ८०जीच राहील. प्रमाणपत्र मे अखेरपर्यंत आलं नाही तर संस्थेला फोन करा, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मला करू नका.